बारा व्होल्टचा पिसारा

ली शिउलुआनच्या टपरीवरचा पिसारा वादळात गेला. ती त्या वेळी छपराखाली नव्हती म्हणून वाचली, असं गावात सगळे म्हणतात. ती स्वतः म्हणते, "मी वाचले हे खरं, पण पिसारा गेला त्याचं काय?" बाई अशीच आहे. देवानं जीव दिला म्हणून हात जोडेल, आणि जोडल्या हातांनीच बाकीच्या नुकसानीचा जाब विचारेल.

पिसारा म्हणजे टपरीच्या माथ्यावर बसवलेल्या रंगीत नळ्या. मधोमध एक उभी आणि तिच्या दोन्ही अंगांना बाकीच्या तिरप्या होत गेलेल्या, मोरानं पिसारा फुलवावा तशा. आमच्या दक्षिणेत, पिंगतुंगकडे, सुपारीच्या टपरीवर पाटी लिहायच्या भानगडीत कोणी पडत नाही. रात्रपाळीच्या ट्रकवाल्याला लांबून पिसारा दिसला की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. पिसारा नसलेली टपरी म्हणजे रस्त्याकडेचा पत्र्याचा डबा, त्यात कोणी राहतंय की नाही हेसुद्धा कळत नाही.

एकतीस वर्षं ती त्या डब्यात बसली. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो तिकडेच रमला. मग हिनं हिरवी सुपारी चिरायला घेतली, पोटात लाल चुना भरला, नागवेलीच्या पानात गुंडाळली, आणि त्यावर एक मुलगी वाढवून, शिकवून, थेट उत्तरेला ताओयुआनला नोकरीला धाडली. मुलगी दर रविवारी फोन करून म्हणते, "आई, पुरे आता. लोकांची तोंडं खराब करायचा धंदा तो. इकडे ये." शिउलुआन म्हणते, "येते हं," आणि पुढची सुपारी उचलते. मुलीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. अर्ध्या ट्रकवाल्यांची सुपारी डॉक्टरनं बंद केली आहे. पण ते थांबतात. गार चहा घेतात, सिगारेट घेतात, पाच मिनिटं पाय मोकळे करून तिच्याशी हुज्जत घालतात आणि पुढे जातात.

टपरीची जागा लाय नावाच्या म्हाताऱ्याची. मागची माशांची तळीही त्याचीच. टपरीला वीज येते ती त्या तळ्यांच्या तारेवरून, आणि सगळं रामायण घडलं ते इथेच. जुना पिसारा काचेचा होता. त्याला हजारो व्होल्टचा एक लोखंडी खोका लागायचा. वादळात खोक्यात पाणी शिरलं, ठिणगी उडाली आणि लायचा मोठा स्विच पडला. तळ्यात हवा ढवळणारी चाकं थांबली. माशांना हवा मिळाली नाही तर ते तासाभरात मरतात. सकाळी लाय गेला तर एक अख्खं तळं पोट वर करून तरंगत होतं. सत्तरीचा माणूस बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. मी पाहिलंय.

म्हणून तो टपरीशी आला तेव्हा त्याच्या आवाजात राग होता, आणि त्याला रागावू नको असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"बाई, तो खोका परत माझ्या तारेला लागणार नाही."

"नाही लावत."

"घरात भिंतीला मोबाइल चार्जिंगला लावतेस ना? तेवढंच लावायचं. त्याहून जास्त काही दिसलं तर मी स्वतः वायर उपटून टाकीन."

"आणि पिसारा?"

"पिसाऱ्याचं मला काय सांगतेस? माझे मासे गेले!" मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुतण्या जागा मागतोय. चहाचं दुकान टाकतो म्हणतोय."

शिउलुआनची सुरी थांबली.

"एकतीस वर्षं बसलीस म्हणून एकदम उठ म्हणत नाही," लाय म्हणाला. "दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला संध्याकाळी मी इथे खुर्ची टाकून बसेन. तुला लावायचे ते दिवे लाव. अंधार पडल्यापासून तीन तास ते आपोआप विझता कामा नयेत, माझा स्विच पडता कामा नये. विझले तर मी समजेन की तारेत खोट आहे. मग जागा पुतण्याची."

"विझणार नाहीत."

"करणार कोण?"

"ते माझं मी बघते."

तेव्हा तिला व्होल्ट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. हातात अठरा दिवस होते.

त्याच आठवड्यात मासळीचा ट्रक चालवणारा कुन पुढे जाऊन, उलटा मागे घेत आला. "मावशी! पुलावरून उतरलो तर सगळा अंधार. म्हटलं म्हातारी गेली वाटतं!"

"मेल्या, तुझ्या तोंडात माती. कुठे जात नाही मी. किती देऊ?"

"गार चहा दे. सुपारी बंद केलीय. पण दिवा लाव गं बाई, पुढच्या वेळी मला खरंच वाटेल."

ती हसली, पण कुन गेल्यावर तिनं न थांबता गेलेले ट्रक मोजले. चौघंजण ट्रक मागे घेऊन येतील. पाचवा कशाला येईल?

होंग मिस्त्रीचं विजेच्या सामानाचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. पन्नाशीचा, गोल पोटाचा, बोलायला लागला की थांबत नाही असा माणूस. त्यानं तिला प्लास्टिकच्या एलईडी नळ्या दाखवल्या. बारा व्होल्टच्या, ओल्या हातानं धरल्या तरी झटका न देणाऱ्या. तिनं खरंच बोटं ओली करून धरून पाहिल्या. मग बारा नळ्या घेतल्या आणि घरी जाऊन इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर काढला. त्यावर बारा व्होल्ट लिहिलं होतं, नळ्यांवरही तेच, म्हणजे झालं की! बाराही नळ्या एकदम जोडल्या. त्या एकदा मिणमिणल्या, अडॅप्टरमधून जळका वास आला आणि सगळं गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी ती तो मेलेला अडॅप्टर घेऊन होंगच्या पुढ्यात उभी राहिली.

"मावशी, अहो हा एका अँपिअरचा!" होंग कपाळावर हात मारून म्हणाला. "व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर. अँपिअर म्हणजे पाणी किती. तुमची एक नळी अर्धा अँपिअर पिते. बारा नळ्या किती पितील?"

"सहा."

"आणि पाजणारा कितीचा होता?"

"एकाचा." तिनं हातातला अडॅप्टर टेबलावर ठेवला. "मग मेला बिचारा. बरं, सहाच्या वरचा दे. आणि सगळं नीट सांग, एकदाच. मी परत विचारायला येणार नाही."

ती परत विचारायला गेली. सात वेळा. पण दर वेळी नवा प्रश्न घेऊन गेली, तोच प्रश्न दोनदा नाही, हे होंग अजून सांगतो. सात अँपिअरचा विटेएवढा काळा अडॅप्टर आणला. नळ्या एकीला एक अशा साखळीत जोडल्या तर पहिल्या लखलखीत आणि शेवटच्या कावीळ झाल्यासारख्या. तेव्हा तिला समजलं की बारीक तारेत जोर वाटेतच संपतो. तिनं सगळं सोडवलं आणि मधून जाड तार वर नेऊन तिथून प्रत्येक नळीला वेगळी तार दिली. शिडीवर चढायची, दोन जोड द्यायची, खाली यायची, गिऱ्हाईक करायची, परत चढायची. सहासष्ट वर्षांची बाई. येणारे जाणारे ट्रकवाले खालून ओरडायचे, "मावशी, स्वर्गात चाललात का?" ती वरून ओरडायची, "तुझ्यासाठी जागा धरायला!"

पौर्णिमेला आठ दिवस राहिले तेव्हा पिसारा तयार झाला. मधली नळी लाल, मग हिरवी, मग निळी, कडेला गुलाबी. होंग मुद्दाम बघायला आला. अडॅप्टर पावसापासून जपायला तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. होंगनं खिशातून हिरवी पुडी काढली, अडॅप्टरवर नीट आडवी ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चिकटपट्टीनं बांधून टाकली.

ही पुडी काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मक्याच्या कुरकुरीत खाऊची पुडी. नावाचा अर्थ 'शहाण्या बाळासारखं वाग'. कुठल्याही यंत्रावर ठेवली की यंत्र रुसत नाही. बँकेच्या यंत्रावर असते, दवाखान्यात असते, लायच्या पंपावरही आहे. मात्र हिरवीच हवी, पिवळी किंवा लाल चालत नाही, आणि तारीख उलटलेली तर मुळीच नाही. हसायचं तर हसा. मोठमोठे इंजिनिअर ठेवतात.

बटण दाबलं. पिसारा फुलला. दोघांनी टाळ्या वाजवल्या, समोरून जाणाऱ्या दोन ट्रकांनी भोंगा दिला, आणि शिउलुआनच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

चाळीस मिनिटांनी पिसारा विझला.

लायचा स्विच पडला नव्हता. टपरीतला पंखा चालू होता. फक्त नळ्या गेल्या होत्या. होंगनं हे दाबलं, ते ओढलं आणि शेवटी म्हणाला, "सकाळी बघू." तो गेला आणि तासाभरानं पिसारा आपला आपण पेटला, आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा गेला.

"एखादा जोड सैल असेल," दुसऱ्या दिवशी होंग म्हणाला.

"एखादा म्हणजे कुठला?"

"ते कसं सांगू? सगळं नवीन घालू या का?"

"सगळं टाकायचं? सुपारीच्या गोणीत एक किडकी निघाली तर मी गोणी फेकते का? एकेक कापून बघते."

आणि तिनं तसंच केलं. एका संध्याकाळी लाल नळी काढून ठेवली आणि गजराचं घड्याळ समोर ठेवून बसली. एकेचाळीस मिनिटं. दुसऱ्या संध्याकाळी लाल लावली, हिरवी काढली. चाळीस. मग सगळे जोड उघडून पुन्हा घट्ट पिळले. एकोणचाळीस. तार बदलली. चाळीस. ज्याला त्याला वाटायचं, बाई वेडी झाली आहे. मुलीनं रविवारी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "नंतर बोल, एकतिसावं मिनिट चालू आहे," आणि फोन ठेवला. मुलीनं घाबरून होंगला फोन केला.

पौर्णिमेला दोन दिवस उरले. त्या संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिनं डबा उघडला आणि तिचं लक्ष पुडीवरच्या तारखेकडे गेलं. तारीख उलटून महिना झाला होता!

"बघा! म्हणून!" ती एकटीच मोठ्यानं ओरडली. त्या मेल्या होंगनं दुकानातली जुनी पुडी आणून बांधली. यंत्र शहाणं कशाला वागेल? तिनं चिकटपट्टी फाडली, पुडी फेकली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिथे पिवळी होती, लाल होती, हिरवी संपलेली. ती चरफडत परत आली, पुडीशिवायच बटण दाबलं आणि आज पंधरा मिनिटांत जाणार असं धरून बसली.

चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. तिनं घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद तर पडलं नाही ना? तास झाला. दीड तास झाला. पिसारा आपला जळतोच आहे. तिची सुरी चालेना. कुन चहा घ्यायला आला तर ती म्हणाली, "गप्प बस, बोलू नकोस," आणि त्याला पैसे न घेताच चहा दिला.

इतक्यात होंग स्कूटरवरून आला. मुलीच्या फोनमुळे आला होता बिचारा. दुकानातल्या पुड्यांची तारीख उलटलेली बघून येताना ताजी हिरवी पुडी घेऊन आला होता. "मावशी, चुकलं माझं, तारीख बघायला हवी होती," म्हणत त्यानं ती डब्यात अडॅप्टरवर ठेवली आणि वरून पट्टी मारली. दोघं बसले. तिनं त्याला चहा दिला. तो तिला पुतण्याचं दुकान कसं चालणार नाही हे सांगत होता आणि तिचे डोळे घड्याळावर होते.

पंचविसाव्या मिनिटाला पिसारा विझला.

"ही पण बिघडलेली निघाली का?" होंग डब्यात वाकून पुडीवरची तारीख वाचत म्हणाला.

शिउलुआननं डब्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. अडॅप्टर नुकत्याच बाजूला ठेवलेल्या इस्त्रीसारखा तापला होता.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "हा जीव गुदमरतोय."

"अं?"

"सातातले सहा अँपिअर पाजतोय, तापणारच. तापला की बंद पडतो, निवला की पेटतो. एक तर मी त्याला डब्यात कोंडला. त्यावर तू पांघरूण घालून बांधून टाकलास. आपण दोघांनी मिळून गुदमरवला त्याला."

होंगनं डब्याला हात लावून पाहिला. "तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं मी सगळीकडे पुड्या ठेवतोय. मग बाकीची यंत्रं कशी चालली?"

"ती तुझ्या नशिबानं चालली. काढ ती पट्टी."

त्यानं काढली. तिनं अडॅप्टर डब्यातून बाहेर काढून छपराच्या आतल्या फळीवर, चहूकडून वारा लागेल असा, दोन लाकडी तुकड्यांवर उचलून ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी पिसारा पाच तास जळला, ती बंद करेपर्यंत. पण होंगचं मन काही मानेना. "मावशी, उद्या परीक्षेचा दिवस. अगदी पुडीशिवाय? बाजूला तरी ठेवू या."

"वाऱ्यानं सरकून वर आली तर? नको."

पौर्णिमेला लाय आला. सोबत घडीची खुर्ची, थर्मास, आणि हातात बॅटरी. साडेपाचला अंधारायला लागलं तसं तिनं बटण दाबलं. पिसारा फुलला. लाय त्याकडे न बघता आधी आत आला, फळीवर बॅटरी मारली आणि जागीच थबकला.

"पुडी कुठाय?"

"नाही ठेवली."

"नाही ठेवली!" त्याचा आवाज चढला. "माझ्या तारेवर दिवे लावतेस आणि पुडी नाही? माझे मासे काय स्वस्तात पडलेत का?" तो तरातरा बाहेर गेला, पंपाच्या खोलीतून स्वतःची हिरवी पुडी घेऊन आला, आणि हात फळीकडे नेला.

शिउलुआननं त्याचं मनगट धरलं.

जागेचा मालक, सत्तरीचा, ज्याचं तळं तिच्या खोक्यापायी मेलं असा माणूस. त्याचा हात तिनं हवेत धरून ठेवला. चुन्यानं लाल झालेली बोटं, पण पकड सुरी धरणाऱ्या बाईची.

"दादा, याला झाकायचं नाही. झाकलं की चाळीस मिनिटांत हा विझतो. मी आठ संध्याकाळी मोजलंय."

"अगं, पुडीनं कधी कोणाचं वाईट झालंय?"

"तुमच्या हातात धरा. मांडीवर ठेवा. डोक्यावर ठेवा, मला चालेल. पण याच्यावर नाही."

"आणि विझला तर?"

"तर मी उद्या सकाळी सामान उचलते. पण तुम्ही झाकलंत आणि विझला, तर मी हलणार नाही. मग ते तुम्ही विझवलंत."

लायनं मनगट सोडवून घेतलं, खुर्चीवर जाऊन बसला आणि पुडी मांडीवर घेतली. दोन्ही हात तिच्यावर ठेवले, जणू तिथून काही पळून जाणार होतं.

साडेसहा झाले. सात झाले. ट्रक येत होते, थांबत होते. शिउलुआन सुपारी चिरत होती, तिची बोटं थांबत नव्हती, पण तिच्या मानेवर घाम आला होता हे बाजूला उभ्या असलेल्या मला दिसत होतं. दर दहा मिनिटांनी ती उठायची, अडॅप्टरवर पालथा हात ठेवायची, आणि परत बसायची. लाय दर वेळी तिच्या तोंडाकडे बघायचा. मागे तळ्यात चाकं पाणी ढवळत होती. साडेसातला जोराचा वारा आला, दोन नळ्या थरथरल्या, आणि लाय खुर्चीतून अर्धा उठला. नळ्या स्थिर झाल्या. आठ वाजले. लायनं थर्मासमधला चहा ओतून एक पेला तिच्या पुढ्यात सरकवला. तिनं तो घेतला.

साडेआठ.

लाय उठला. रस्त्याच्या पलीकडे गेला आणि पहिल्यांदाच डोकं वर करून पिसारा नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग परत येऊन खुर्चीची घडी घालत म्हणाला, "पुतण्याला पुलाजवळची जागा देतो. त्यालाही दिवे लागतील, आणि माझ्या पंपाच्या खोलीतली तारही एकदा कोणी बघायला हवी. होंगनं केलंय ना हे?"

"होंगनं फक्त पुडी ठेवली होती."

"मग ज्यानं केलं त्याचा नंबर दे."

तिनं नंबर सांगितला. लाय चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन एकेक आकडा दाबत गेला. शेवटचा आकडा पडला आणि त्याच्या फोनवर, आधीच साठवलेलं नाव उमटलं. ते त्यानंही वाचलं आणि तिनंही वाकून वाचलं. 'टपरी, पौर्णिमेनंतर रिकामी'.

लायचे कान लाल झाले.

"ते बदला," शिउलुआन म्हणाली.

"हो, बदलतो घरी जाऊन."

"आत्ता बदला, दादा. मी थांबते."

त्यानं पुसलं. बोट हवेत धरून तो थांबला, घसा खाकरला, आणि एकतीस वर्षांनी त्यानं तिला विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय गं?"

"ली शिउलुआन," ती म्हणाली. "पुढे 'दिव्यांचं काम' असं लिहा."